कार्ड संपत आलेलं, आणि आईला बघायला जायचं होतं

जर्मनीतलं माझं रहिवासी कार्ड संपायला आठ दिवस उरले होते. नव्या कार्डाचा अर्ज दोन महिन्यांपूर्वीच दिला होता, उत्तर नव्हतं. तेवढ्यात सांगलीहून फोन आला: आई पडली, खुब्याचं हाड मोडलं. जाणं भागच होतं, पण परत येता येईल का?

मार्ग निघाला तो ‘फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग’ नावाच्या कागदाने, म्हणजे अर्जावर निर्णय होईपर्यंतच्या तात्पुरत्या दाखल्याने. मुदत संपण्याआधी अर्ज केला असेल, तर निर्णय होईपर्यंत जुना परवाना चालूच धरतात. नोकरीही करता येते. पण कागदावर खूण कोणत्या चौकटीत आहे ते बघाच! जर्मनीच्या निवास कायद्याचं कलम 81, उपकलम 4 असेल तर देशाबाहेर जाऊन परत येता येतं. उपकलम 3 असेल तर त्या कागदावर परतता येत नाही.

मी परदेशी नागरिकांच्या परवान्यांचं काम बघणाऱ्या कार्यालयाला ईमेल केला, सोबत अर्जाची पोच, हॉस्पिटलचं पत्र आणि तिकीट जोडलं. तिसऱ्या दिवशी बोलावलं. खिडकीवरून हलण्याआधी चौकट तपासली. चौथं उपकलम! तिथेच डोळे भरून आले.

परतीच्या चेक-इनला संपलेलं कार्ड बघून मला थांबवलं. पासपोर्ट, जुनं कार्ड आणि हा कागद तिन्ही एकत्र दाखवल्यावर सोडलं. म्हणून जुनं कार्ड घरी ठेवून जाऊ नका.