कौलारू घरात वायरिंग आणि दिवे कसे बसवावेत

कोकणातल्या जुन्या घराला स्लॅब नसतो, त्यामुळे पाइप पुरायला छतच नाही. वर आढं, वासे, रिपा आणि कौलं, भिंती चिऱ्याच्या. नवखा वायरमन आला की आधी भिंतीला झिरी मारायला बघतो. त्याला थांबवा. उघड्या चिऱ्यातली झिरी सिमेंटने बुजवली तरी जन्मभर डोळ्यांत खुपते. इथे वायर लाकडाच्या अंगाने, दिसेल अशीच न्यायची.

काम दिवाळीनंतर करा, पण पाहणी पावसातच. आषाढातल्या जोरदार सरीत बॅटरी घेऊन घरभर फिरा. पाणी कौलाच्या फटीतून एकीकडे शिरतं आणि वाशावरून ओघळत चार हात खाली टपकतं, म्हणून नुसती टपकण्याची जागा बघून भागत नाही. ओल्या लाकडावर खडू उठत नाही. जिथे ओल दिसेल तिथे चिंधी बांधून ठेवा. चिंध्यांच्या वाटेने पाइप जाणार नाही.

मग कागदावर आखणी. दिवे-पंख्यांच्या एका सर्किटवर १० पेक्षा जास्त पॉइंट नकोत. दिव्यांना १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि ६ अँपिअरचा एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की लाइन आपोआप तोडणारा स्विच. १६ अँपिअरच्या प्लगला २.५ ची वायर. हिरवी अर्थिंगची वायर प्रत्येक पॉइंटपर्यंत न्या. जुन्या लाकडी पट्टीवर दोनच वायरी असतात, तिसरी कशाला, असं घरातलं कुणीतरी म्हणेलच. ऐकू नका. आणि ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवर, म्हणजे करंट बाहेर गळू लागला की लाइन तोडणाऱ्या स्विचवर, तर अजिबात काटकसर नको. उंदराने वायर सोलली आणि ओल्या लाकडातून करंट झिरपू लागला, तर एमसीबीला पत्ताही लागत नाही. आरसीसीबी मात्र पडतो, म्हणजे लाइन बंद करतो.

उंदरांवरून आठवलं: तुळईची पाठ म्हणजे त्यांचा हमरस्ता. म्हणून २० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप तुळईच्या कुशीला, म्हणजे बाजूला लावा, दर दोन फुटांवर सॅडल, म्हणजे पाइप धरणारी पट्टी. कौलांना चिकटवून नेऊ नका, वैशाखात तिथे हात ठेववत नाही. स्क्रू पितळी किंवा स्टेनलेस घ्या, खाऱ्या हवेत साधे गंजतात. साग किंवा आईन असेल तर आधी बारीक भोक पाडा, नाहीतर स्क्रूचं डोकंच तुटतं. पाइप तुळईच्या आरपार न्यायचा असेल तर भोक उंचीच्या बरोबर मध्यावर, उंचीच्या चौथाईपेक्षा लहान. खालच्या कडेला खाच तर कधीच नको. भाराचा सगळा ताण तिथेच असतो. सांधे पाइपात लपवायचे नाहीत, ते जंक्शन बॉक्सात.

आता दिवे. माळ्याच्या फळ्यांना भोकं पाडून आत बसवायचे डाउनलाइट दिसतात छान, पण माळ्यावर गवत नाहीतर जुनी पोती असतात आणि दिव्याचा ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारी छोटी डबी) त्यांच्यात पुरला की तापतो. तिथे फळीवर बसणारे दिवेच बरे. ओटीवर आणि माजघरात तुळईवरून लोंबता दिवा सोडा, वाटेत असेल तर जमिनीपासून सात फुटांवर. पंख्याचा हूक मात्र स्क्रूवर नको. तुळईतून आरपार बोल्ट आणि मागे लोखंडी पट्टी.

आमच्या पडवीतला दिवा दर जुलैला लुकलुकायचा. दोनदा होल्डर बदलला. तिसऱ्यांदा स्टुलावर चढून पाहिलं, तर वाशावरचा थेंब वायरीवरून घसरत थेट होल्डरात उतरत होता. दिवा सरकवला आणि वायरीला होल्डरच्या आधी वीतभर खाली झोल दिला. आता चुकून थेंब आलाच तर झोलाच्या तळाशी सुटून पडतो. उघड्या वायरीवरच्या प्रत्येक दिव्याला हा झोल ठेवा.

आखणी, चिंध्या, सॅडल हे तुम्ही करा. वायरी जोडणं आणि मीटरकडचं काम परवानाधारक वायरमनकडूनच. लाइन चालू करण्याआधी त्याला ५०० व्होल्टच्या मेगरने, म्हणजे वायरीचं आवरण शाबूत आहे का हे मोजणाऱ्या यंत्राने, इन्सुलेशन तपासायला सांगा. १ मेगाओहमपेक्षा कमी आलं तर कुठेतरी वायर सोलली आहे नाहीतर ओल आहे. मग आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबा, खटकन पडला पाहिजे.

चिंध्या तेवढ्या सोडू नका. मे महिन्यात शाकारणीला गडी येईल, त्याला त्याच दाखवायच्या आहेत.