मदतनीस कुत्रा तयार करताना या चुका टाळा

अंध माणसाला वाट दाखवणारा, ऐकू न येणाऱ्याला दाराची कडी वाजल्याचं सांगणारा, व्हीलचेअरवरच्या माणसाला पडलेली वस्तू उचलून देणारा कुत्रा कामात कच्चा निघाला, की त्याला हट्टी ठरवलं जातं. कारण बहुतेक वेळा माणसाच्या घाईत असतं.

पहिली घाई पिल्लू घेतानाच होते. विकणारा 30-35 दिवसांचं पिल्लू हातात देतो, "लवकर नेलं की लळा लागते" म्हणतो. 8 आठवडे पूर्ण होईस्तोवर ते आईपाशीच राहू द्या. चावताना जोर किती लावायचा हे ते भावंडांशी खेळतानाच शिकतं. लॅब्राडॉर असेल तर आईबापाच्या खुब्याचे आणि कोपराचे एक्स-रे मागा. सांधा मुळात सैल असेल तर ऐन उमेदीत कुत्रा लंगडतो आणि सगळी मेहनत पाण्यात जाते.

"लस पूर्ण होईपर्यंत बाहेर काढायचं नाही" हा सल्ला अर्धाच बरोबर आहे. पार्व्होचा, म्हणजे पिल्लांना उलट्या-जुलाब होऊन जिवावर बेतणाऱ्या विषाणूजन्य आजाराचा, धोका खरा आहे, म्हणून 6 ते 8 आठवड्यांपासून दर 3-4 आठवड्यांनी, 16 आठवड्यांपर्यंत लस द्यायची. रेबीजची 12 आठवड्यांनंतर. लस 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्येच टिकते. भारनियमनाच्या गावात ती तालुक्याहून बर्फाच्या डब्यात आणवा. पण नव्या गोष्टी न घाबरता स्वीकारण्याचं वय साधारण 3 ते 14 आठवडे असतं, आणि कोंडलेल्या पिल्लाचं ते वाया जातं. म्हणून जमिनीवर न सोडता, कडेवर घेऊन त्याला आठवडी बाजाराच्या कडेला, एसटी स्टँडवर, बैलांच्या घुंगरांचा आवाज येईल तिथं न्या. सुरू असलेल्या ट्रॅक्टरपासून 50 पावलांवर थांबून वाटाण्याएवढा उकडलेल्या चिकनचा तुकडा द्या. खाल्ला तर 5 पावलं पुढं. तोंड फिरवलं तर ते घाबरलंय, मागे या. ओढून जवळ नेलं की भीती पक्की होते. एका वेळी 5 मिनिटं पुरे.

शिकलेला कुत्रा अचानक काम टाळू लागला तर रागावण्याआधी अंग तपासा. पावसाळ्यानंतर धुऱ्यावरच्या गवताची कुसळं बोटांच्या बेचक्यात आणि कानात शिरतात. मान एका बाजूला कलती ठेवून डोकं झटकत असेल तर कानात काडी घालू नका, पशुवैद्याकडे न्या. गोठ्यातल्या कुत्र्याला गोचिडताप सहज होऊ शकतो: ताप, हिरड्या फिक्या, कधी नाकातून रक्त. पट्ट्याखाली, कानात, शेपटीखाली रोज हात फिरवा. गुरांचं गोचिडाचं औषध अंदाजानं कुत्र्याला लावणं किंवा टोचणं जिवावर बेतू शकतं.

उन्हाळ्यात काम सकाळी 8 च्या आत. डांबर सूर्य मावळल्यावरही तापलेलं राहतं. हाताची मागची बाजू 7 सेकंद टेकवता आली नाही तर कुत्र्यालाही चालवू नका. जोरजोरात धापा, चिकट लाळ, लालभडक हिरड्या, लडखडणं दिसलं की आधी सावलीत नेऊन साधं पाणी अंगावर ओता, पंखा लावा, मग दवाखाना. ओलं कापड पांघरून ठेवू नका, आत उष्णता कोंडते. ताप 104 फॅरनहाइटच्या वर असेल तर 103 वर येताच पाणी थांबवा.

सर्वांत महागात पडणारी चूक अंधांच्या वाटाड्या कुत्र्याबाबत होते. त्याला तयार करायला जाणकार प्रशिक्षकच हवा. घरच्यांनी पिल्लू वाढवावं, सवयी लावाव्यात. असा कुत्रा पुढं धोका दिसला तर आज्ञा मोडून थांबतो. कठडा नसलेली विहीर, उघडी नाली, डुकरांसाठी वावराला लावलेली झटका तार, कारण काहीही असेल. अशा वेळी "चल, चल" म्हणत ढकललं तर हळूहळू तो थांबणंच सोडतो. तो थांबला की तुम्हीही थांबा, काठीनं समोर चाचपा, शाबासकी द्या आणि त्यालाच दुसरी वाट शोधू द्या. तो बिनकारणाचा थांबला असेल तर प्रशिक्षकाला कळवा, पण त्या जागी दटावू नका.