मानसिक आरोग्य नर्सिंगमध्ये शिक्षक व्हायचंय? तयारी वॉर्डातच सुरू करा

वॉर्डात उत्तम काम करणारी नर्स वर्गात उभी राहिली की अनेकदा अडखळते. ज्ञान कमी नसतं. चिडलेल्या रुग्णापासून किती अंतरावर थांबायचं, कधी गप्प बसायचं, हे तिच्या अंगवळणी पडलेलं असतं. ते फोड करून सांगायची सवय नसते. ही सवय लावायला पदव्युत्तर पदवी हाती येण्याची वाट बघू नका.

ड्यूटीवर असतानाच दोन-तीन विद्यार्थी मागून घ्या आणि रोज वीस मिनिटं एकच कौशल्य शिकवा. त्याच दिवशी वहीत नोंद करा: तारीख, विषय, विद्यार्थी कुठे अडले, पुढच्या वेळी तुम्ही काय बदललं. शेवटचा रकाना सगळ्यात मोलाचा. निवड समितीपुढे कार्यशाळांच्या प्रमाणपत्रांचा गठ्ठा ठेवणारे पुष्कळ असतात. आपलं शिकवणं कसं सुधारलं हे दाखवणारे थोडे. आंतररुग्ण विभागाइतकाच अनुभव घरभेटी किंवा दीर्घकालीन निवासी काळजीचाही घ्या. नुसता वॉर्ड पाहिलेला शिक्षक आजार शिकवतो; घर, पैसा, थकलेले नातेवाईक, एकटेपण हे सगळं त्याच्या तासातून निसटतं.

शिकवण्याचं पहिलं हत्यार म्हणजे प्रोसेस रेकॉर्डिंग. अमेरिकन परिचर्यातज्ज्ञ हिल्डेगार्ड पेप्लाऊ यांनी १९५२ मध्ये नर्स-रुग्ण नात्यालाच परिचर्येचा गाभा मानलं, आणि त्या नात्याची तपासणी कागदावर करायचा हा मार्ग. विद्यार्थ्याने पंधरा-वीस मिनिटं रुग्णाशी बोलावं, समोर बसून लिहू नये, पण तासाभरात लिहून काढावं. रकाने चार: रुग्ण काय बोलला आणि त्याचे हावभाव, मी काय बोललो, त्या क्षणी मला काय वाटलं, आता विचार करता ते कसं होतं. रुग्णाचं नाव कुठेही नको. तपासताना तिसरा रकाना आधी वाचा. तो कोरा असेल तर बाकीचं बहुधा सजवलेलं असतं. गुण संभाषणाच्या सफाईला दिले की विद्यार्थी संभाषणं रचू लागतात, म्हणून गुण चौथ्या रकान्याला द्या. ‘काळजी करू नका, सगळं ठीक होईल’ हे वाक्य जवळपास प्रत्येक वहीत सापडेल. त्यावर लाल रेघ मारून भागत नाही. ‘या वाक्याने रुग्णाचं कोणतं बोलणं तिथेच थांबलं?’ एवढं विचारा.

रोलप्लेमध्ये वेळेचं गणित बहुतेक ठिकाणी उलटं असतं. खेळ आठ मिनिटांचा असेल तर नंतरच्या चर्चेला निदान सोळा मिनिटं ठेवा. शिकणं तिथे होतं. रुग्णाची भूमिका पाच-सहा ओळींच्या कार्डावर द्या: आपणहून काय सांगायचं, विचारल्याशिवाय काय सांगायचं नाही, कशाने बिनसेल. खेळ थांबवायची खूण आधीच ठरवा, कारण वर्गातल्या कुणाच्या घरात आत्महत्या झालेली असू शकते. शेवटी रुग्ण झालेल्याने खुर्ची बदलून स्वतःचं नाव सांगावं. हे पोरकट वाटतं, पण भूमिका उतरवल्याशिवाय कुणाला घरी पाठवू नये. हेडफोनवर आवाज ऐकवून भासांचा अनुभव देण्याचा प्रयोग लोकप्रिय आहे. त्याने सहानुभूती वाढते, पण अशा रुग्णापासून दूर राहावंसं वाटणंही वाढल्याचं काही अभ्यासांत दिसलं आहे. म्हणून त्याच तासाला आवाजांसोबत जगणाऱ्या व्यक्तीला मानधन देऊन शिकवायला बोलवा.

परीक्षा घेणं हे वेगळंच कसब. वैद्यकीय शिक्षणतज्ज्ञ रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या ओएससीई पद्धतीत विद्यार्थी एकेका स्टेशनवर जाऊन ठरावीक काम करून दाखवतो आणि परीक्षक यादीवरून गुण देतो. ती इथे वापरताना पंचवीस कलमांची यादी केली, की विद्यार्थी पोलिसासारखे प्रश्न झाडतो आणि पासही होतो. कलमं दहा-बाराच ठेवा आणि संवादाच्या एकूण दर्जाला वेगळे गुण द्या. जोखीम तपासण्याच्या स्टेशनवर आत्महत्येच्या विचारांबद्दल थेट विचारलं नाही, तर ते स्टेशन नापास असा नियम हवा. विचारल्याने डोक्यात विचार येतो, ही भीती निराधार आहे आणि ती शिक्षकांनीच मोडायची आहे.

पीएचडीसाठी ‘अमुक विषयावरील नर्सेसचं ज्ञान: प्रशिक्षणापूर्वी व नंतर’ हा विषय टाळलेला बरा. तुलनेला दुसरा गट नसताना, तास संपताक्षणी घेतलेल्या चाचणीत गुण वाढणारच. त्यातून फार काही कळत नाही. सहा आठवड्यांनी वॉर्डात वागणं बदललं का, हा प्रश्न अवघड, पण करण्याजोगा. संशोधनात स्वतःचेच विद्यार्थी असतील तर संमती दुसऱ्या कुणी घ्यावी, आणि निकाल लागल्यावर घ्यावी. नाहीतर ‘हो’ म्हणणं ही सक्तीच ठरते. मुलाखती घेणार असाल तर एका तासाच्या ध्वनिमुद्रणाला लेखी उतरवायला चार ते सहा तास धरा. वेळापत्रक हमखास इथे कोसळतं. गुणात्मक मुलाखतींचा अहवाल लिहिताना कोरेक (COREQ) ही अहवालात काय काय यायला हवं ते सांगणारी ३२ कलमांची यादी आराखडा करतानाच समोर ठेवा, शेवटी नव्हे. पहिल्या लेखाआधी सोळा अंकी ऑर्किड (ORCID) क्रमांक, म्हणजे संशोधकाची स्वतःची कायमची ओळख, घ्या. दोन दिवसांत छापून देतो अशी स्तुतिपर ईमेल आली तर ती पुसून टाका.

नेमणुकीच्या वेळी बहुधा दहा-पंधरा मिनिटांचा नमुना तास घ्यायला सांगतात. त्यात एकच उद्दिष्ट ठेवा आणि समितीलाही एक प्रश्न विचारून तीस सेकंद थांबा. स्लाइड तीनपेक्षा जास्त नकोत.

निवड झाली की आठवड्यातला अर्धा दिवस प्रत्यक्ष रुग्णसेवेसाठी मागा, आणि तो नेमणूकपत्रात लिहून घ्या. तोंडी कबूल झालेला अर्धा दिवस पहिल्याच सत्रात वेळापत्रक गिळून टाकतं.