एअर फ्रायर घेतलाय किंवा घेणार आहात? मग या चुका टाळा

आमच्याकडे एअर फ्रायर आला त्याच संध्याकाळी मी त्यात बटाटेवडे करायला गेले. नेहमीसारखं बेसन भिजवलं, गोळे बुडवले, जाळीवर ठेवले आणि बारा मिनिटांनी ड्रॉवर ओढला तर सगळं बेसन जाळीच्या भोकांतून खाली ओघळून त्याचं धिरडं झालेलं आणि वर भाजीचे उघडेबोडके गोळे बसलेले. सासूबाईंनी एक नजर टाकली आणि म्हणाल्या, "अगं, धिरडंच खायचं होतं तर तवा काय वाईट होता?"

त्यांचं बरोबर होतं. सगळ्यात मोठी चूक ही मशीन वापरण्यातली नाहीच, नाव ऐकून होणारी आहे. फ्रायर म्हटलं की आपल्याला कढई दिसते. पण हा तळत नाही हो, वर कॉइल, कॉइलवर पंखा आणि खाली जाळीचं भांडं, म्हणजे फॅनवाला छोटा ओव्हन झाला. फिलिप्सने २०१० साली हे एअरफ्रायर नावाने बाजारात आणलं आणि नाव इतकं चिकटलं की आता सगळेच तेच म्हणतात. गरम तेल पिठाला लागल्या लागल्या त्याला घट्ट करतं कारण तेलातून उष्णता पटकन जाते, हवेतून ती तितक्या वेगाने जात नाही, मग पीठ घट्ट व्हायच्या आधीच गळून जातं. म्हणून भजी, बटाटेवडा, मूगभजी, जे जे पातळ पिठात बुडवून करतो ते यात होत नाही. यूट्यूबवर कोणी कितीही गोड हसून दाखवलं तरी नाही होत. वडापाव खायचा असेल तर सरळ स्टेशनला उतरून खा.

आता याची दुसरी बाजू जी मला चार महिन्यांनी कळली. आपल्याकडे 'आधी वाफवा, मग तळा' असे किती पदार्थ आहेत बघा. अळूवडी, कोथिंबीर वडी, कोबीच्या वड्या. यांना शिजायचं काहीच नसतं, फक्त वरून कुरकुरीत कवच हवं असतं, आणि तेवढंच काम हे मशीन फार छान करतं. वड्या कापा, दोन्ही बाजूंनी ब्रशने तेल लावा, १८० डिग्रीला दहा-बारा मिनिटं, मध्ये एकदा उलटा. अळूवडी तर मी आता कढईत टाकतच नाही. साबुदाणा वडा बरा होतो, बरा म्हणजे चपटा करून वरून तेल नीट लावलं तर, कोरडा ठेवलात तर दगड. शेंगदाणे १६० ला आठ-दहा मिनिटं, मध्ये दोनदा हलवून, गॅसपाशी उभं राहून भाजायची कटकट गेली. आणि पावसाळ्यात, म्हणजे आमच्या ठाण्यात जून ते सप्टेंबर डब्यातली चकली काय नि खारी काय सगळं सादळतंच, ते १५० ला तीन-चार मिनिटं फिरवून बाहेर गार होऊ द्यायचं. फक्त या एका कामासाठी शेजारच्या काकू आमच्याकडे डबा घेऊन येतात.

"मऊच राहतं, कुरकुरीत होतच नाही"

ही तक्रार दहापैकी नऊ घरांत, आणि कारण बहुतेक वेळा एकच, कोंबणं. चार लिटरचं भांडं म्हणून चार लिटर भरायचं नसतं! हवा फिरायला जागा नसेल तर आतलं अन्न स्वतःच्याच वाफेत शिजतं आणि तुम्हाला उकडलेले फ्राईज मिळतात. एक थर, फार तर थोडं एकावर एक आणि मध्ये हलवायचं. याचा अर्थ चार-पाच माणसांच्या घरात दोन-तीन घाणे होणार आणि शेवटच्याला गरम मिळेपर्यंत पहिल्याचं खाऊन झालेलं असणार, हे घेण्याआधी माहीत असलेलं बरं.

दुसरं कारण ओलावा. बटाट्याच्या सळ्या कापल्या की अर्धा तास पाण्यात ठेवा, मग फडक्यावर खडखडीत कोरड्या करा, मग तेल. पाण्यात ठेवण्याचं अजून एक कारण आहे, पिठूळ पदार्थ १२० डिग्रीच्या वर तापले की त्यात ॲक्रिलामाइड नावाचा नको असलेला पदार्थ तयार होतो, २००२ मध्ये स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी हे पुढे आणलं, आणि बटाटा भिजवला की तो कमी होतो. तेल कमी वापरलं म्हणून तो गायब होत नाही, त्यामुळे 'एअर फ्राय केलंय म्हणजे हेल्दी' म्हणत चॉकलेटी होईपर्यंत भाजू नका, सोनेरी झाले की काढा. बटाटे फ्रीजमध्ये ठेवू नका, थंडीत त्यांच्यातली साखर वाढते आणि मग ते लवकर काळे पडतात. आणि ते फ्रोझन फ्राईजचं पाकीट कंपनीतूनच तेलात अर्धवट तळून आलेलं असतं, म्हणून ते 'बिनतेलाचे' एवढे मस्त होतात, तुमच्या मशीनची कमाल नाही ती.

बोंबलाचं सांगते कारण ते विचारणारे फार आहेत. ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातून आणलेला ताजा बोंबील म्हणजे अर्धं पाणीच. तो उभा चिरून, फडक्यात गुंडाळून, वर पाटा ठेवून तासभर दाबला नाही तर एअर फ्रायरमध्ये त्याचा लगदा होतो. दाबून, आलं-लसूण-तिखट लावून, रव्या-तांदळाच्या पिठात घोळवून, वरून तेल जरा सढळ हाताने लावून २०० ला केला तर चांगला होतो, कढईतल्यासारखा नाही पण चांगला. सुरमईचे तुकडे त्याहून सोपे.

बांगडा मात्र धूर करतो. त्याची चरबी खालच्या तापलेल्या ट्रेमध्ये पडते आणि पांढरा धूर निघतो, चिकनच्या सालीचंही तेच. घाबरू नका, खालच्या ट्रेमध्ये दोन-तीन चमचे पाणी घाला, जाळीच्या खाली, जाळीत नाही. काळा धूर आला तर मात्र लगेच प्लग काढायचा, काहीतरी कॉइलला चिकटून जळतंय. आमच्याकडे तो मान पापडाला मिळाला. पापड हलका, पंख्याने उडाला आणि थेट कॉइलवर जाऊन बसला. तसंच ते तयार बटर पेपर मिळतात ना, ते रिकामेच आत ठेवून प्रीहीट करायचं नाही, तेही उडतात, अन्नाचं वजन वर असेल तरच ठेवा आणि पूर्ण जाळी झाकू नका, नाहीतर हवा फिरणार कुठून.

प्लग गरम लागतोय? थांबा

ही गंमत नाही. आधी आम्ही वर्तकनगरला जुन्या बिल्डिंगमध्ये राहायचो, ओट्यावर एकच मोठा सॉकेट आणि तो मिक्सरने अडवलेला, म्हणून मी एअर फ्रायर साध्या एक्स्टेंशन बोर्डावर लावला, वर एक कन्व्हर्टर. आठवड्याभरात बोर्डाचं प्लास्टिक पिवळं पडून वाकलं आणि घरभर वास. हिशोब साधा आहे हो, छोटा सॉकेट ६ अँपियरचा, २३० व्होल्टला तो जेमतेम १३८० वॉट पेलतो आणि बहुतेक मशीन १४०० ते १७०० वॉटची. १६ अँपियरचा सॉकेट, तोही थेट भिंतीतला, एवढंच चालतं. त्याच वायरवर इंडक्शन किंवा गीझर एकदम लावू नका. मागे गरम हवा बाहेर पडते म्हणून भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा, आणि वर लाकडी कपाट अगदी टेकून असेल तर चालवताना बाहेर ओढून घ्या.

वीजबिलाची भीती मात्र उगाच आहे. १५०० वॉटचं मशीन वीस मिनिटं चाललं तर जास्तीत जास्त अर्धा युनिट, थर्मोस्टॅट मधेमधे कॉइल बंद करतो म्हणून त्याहूनही कमीच.

आता जाळीच्या नॉनस्टिक कोटिंगचं, म्हणजे खरी भांडणं जिथे होतात ते

सोसायटीच्या ग्रुपवर दर दोन महिन्यांनी तोच फॉरवर्ड फिरतो की एअर फ्रायरने कॅन्सर होतो. त्यात दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी केलेली असते. पीटीएफई म्हणजे ज्याला आपण टेफलॉन म्हणतो तो, १९३८ मध्ये डुपॉन्टमध्ये रॉय प्लंकेट यांना अपघाताने सापडलेला. आणि पीएफओए म्हणजे तो बनवताना पूर्वी वापरायचे ते रसायन. वाईट आहे ते दुसरं, ते शरीरातून आणि पाण्यातून लवकर जात नाही, अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी २०१५ पर्यंत ते बंद केलं आणि २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने त्याला माणसात कॅन्सर करणाऱ्यांच्या यादीत टाकलं. त्यामुळे खोक्यावर 'पीएफओए फ्री' लिहिलेलं असतं ते खरं असलं तरी त्यावरून 'यात टेफलॉन नाही' असं समजायचं नाही. दोन वेगळ्या गोष्टी. टेफलॉन नकोच असेल तर 'पीटीएफई फ्री' शोधा.

मग टेफलॉनचं काय? तो साधारण २६० डिग्रीच्या वर गेला की बिघडायला लागतो आणि अजून तापला की त्याचा धूर माणसाला तापासारखा त्रास देतो. घरातले बहुतेक एअर फ्रायर २०० ला थांबतात. उलट गॅसवर रिकामा ठेवलेला नॉनस्टिक तवा, 'जरा तापू दे' म्हणत तुम्ही फोन घेतलात, तर काही मिनिटांत २६० ओलांडतो. म्हणजे ज्या घरात डोश्याचा काळा नॉनस्टिक तवा रोज मोठ्या गॅसवर तापतो त्या घरात एअर फ्रायरला नावं ठेवणं म्हणजे मला जरा हसूच येतं. एक अपवाद, पक्षी. टेफलॉनच्या धुराने पोपट, लव्हबर्ड्स पटकन मरतात, त्यांची फुप्फुसं फार नाजूक. आमच्या वरच्या मजल्यावर लव्हबर्ड्स आहेत, त्यांना मी सांगितलंय की पिंजरा किचनमध्ये नकोच, आणि नवं मशीन पहिल्यांदा रिकामं चालवताना तर अजिबातच नको. पहिल्या वेळी दहा-पंधरा मिनिटं रिकामं चालवून तो नव्या मशीनचा वास खिडकी उघडी ठेवून काढून टाकायचा.

कोटिंग निघालं, तुकडा पोटात गेला, आता? शांत व्हा. तो पचत नाही, शरीर तो घेत नाही, तसाच बाहेर जातो. पण म्हणून ते भांडं वापरत राहायचं असं नाही. खालचा धातू उघडा पडला की अन्न चिकटतं, गंज चढतो, लिंबू-कोकम लावलेली मच्छी तिथे ठेवायला नकोच वाटते. नवीन भांडं मागवा, आणि म्हणूनच मशीन घेतानाच विचारा की याचं भांडं सुटं मिळतं का. आमच्या पहिल्या मशीनचं मिळत नव्हतं. सर्व्हिस सेंटरवाला म्हणाला, मॅडम, नवीनच घ्या, परवडेल. अख्खं मशीन भंगारात, एका जाळीपायी.

आणि ते कोटिंग घालवलं कोणी? आम्हीच. मावशींना तारेची घासणी द्यायची नाही हे मी सांगितलंच नव्हतं. त्यांना भांडं चकचकीत दिसायला हवं, त्यांची काय चूक. मी स्टीलच्या चिमट्याने वड्या उलटायचे, तेही होतंच. लाकडी किंवा सिलिकॉनचा चिमटा घ्या, मशीन गार झाल्यावर कोमट पाणी आणि साबण घालून अर्धा तास ठेवा, मऊ स्पंजने निघतं सगळं. चिकट राहिलंच तर बेकिंग सोड्याची पेस्ट. गरम भांडं नळाखाली धरू नका. आणि दाबून फवारायचे तयार तेलाचे कॅन मिळतात त्यांत बऱ्याचदा लेसिथिन नावाचं द्रव्य असतं, ते कोटिंगवर गोंदासारखं बसतं आणि मग घासून घासून कोटिंगच निघतं. ठाण्यात असाल तर जांभळी नाक्यावर साधी स्प्रेची बाटली घ्या, घरचं शेंगदाणा तेल भरा.

सिरॅमिक कोटिंगवाले टेफलॉनमुक्त असतात पण त्यांचा गुळगुळीतपणा लवकर संपतो. काचेच्या भांड्याचे किंवा स्टीलच्या जाळीचे ओव्हनसारखे येतात, कोटिंगची धास्ती मनातून जातच नसेल तर ते घ्या, थोडं चिकटेल, तेल थोडं जास्त लावा. मी दुसऱ्यांदा तसाच घेतला.

घ्यावा का मग? महिन्यातून दोनदा तळण करणाऱ्याने कशाला घ्यावा, त्याचं वाचणारं तेल ते किती. जाहिरातीत कढईभर तेलाची तुलना एका चमच्याशी करतात, पण तुमच्या पोटात कढईभर तेल जात नाही, पदार्थाने शोषलेलं जातं. घरी आधीच फॅनवाला ओव्हन किंवा कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह असेल तरी नको, तेच काम तो जरा हळू करेल. रोज मच्छी-चिकन, शाळेचा डबा, दोघं-तिघं माणसं आणि सकाळी लोकलची घाई असेल तर वसूल होतो.

आणि जागा बघा. माझ्या नणंदेला मी सांगितलं, ताई, पैसे देण्याआधी तेवढ्या आकाराचा पुठ्ठ्याचा खोका चार दिवस ओट्यावर ठेवून स्वयंपाक करून बघा. कोपरखैरण्याला सिडकोचं घर, ओटा तो केवढा. तिसऱ्या दिवशी पोळ्या लाटताना तिचं कोपर त्या खोक्याला तीनदा आपटलं, तिने तो उचलून माळ्यावर टाकला आणि त्या पैशांत चांगली बिडाची कढई घेतली.