पेंचच्या जंगलाचे फोटो सपाट येतात? या चुका टाळा

पेंचहून परतलेल्या माणसाला नागपुरात पहिला प्रश्न ठरलेला असतो: "वाघ दिसला का?" जंगल कसं होतं, असं सहसा कोणी विचारत नाही. पण ज्यांना जंगलच टिपायचं असतं, तोतलाडोह धरणाचं पाणी, फेब्रुवारीतला पळस, उघडा पडलेला सागवनाचा उतार, त्यांची तक्रार मी वर्षानुवर्षं ऐकतोय. डोळ्यांना जे दिसलं ते फोटोत आलंच नाही. कॅमेरा चांगला, लेन्स चांगली, आणि फोटोत नुसती काटक्यांची दाटी.

माझं मत असं आहे की यातल्या बहुतेक चुका सह्याद्रीचे किंवा लडाखचे फोटो पाहून शिकण्यातून होतात. तिथं सुळका असतो, दरी असते, नजर आपोआप एका जागी जाते. आपलं जंगल साग, ऐन आणि बांबूचं. टेकड्या आहेत, पण बुटक्या. इथं नजरेला जागा आपणच शोधून द्यावी लागते.

सगळं जंगल एका फोटोत कोंबणं

रस्त्याच्या वळणावर जिप्सी थांबते, समोर झाडंच झाडं, आणि आपण वाइड लेन्स काढतो. हमखास फसतो तो हाच फोटो. वाइड लेन्समध्ये दूरचं सगळं लहान होतं, जवळचं गवत आणि कोरडा रस्ता अर्धी चौकट खाऊन टाकतो. सागवनाच्या फोटोला ७० ते २०० मिलिमीटरची लेन्स जास्त कामाची असते, हे मला फार उशिरा कळलं. तिच्यामुळे मागची झाडं पुढच्यांजवळ सरकल्यासारखी दिसतात, खोडांच्या उभ्या रेषा एकामागे एक लागतात आणि आकाश चौकटीबाहेर ठेवता येतं. दुपारचं पांढरं आकाश फांद्यांमधून डोकावत असेल, तर ते बाहेर ठेवणं हेच अर्धं काम.

मग एक झाड निवडा. पेंचमध्ये कुलूचं झाड हे त्यासाठी सगळ्यात उत्तम. पांढरट, गुळगुळीत खोड, उन्हाळ्यात एक पान नाही. गाईड त्याला भुताचं झाड म्हणतात. करड्या जंगलात ते लांबूनच उठून दिसतं, त्यामुळे वाटेवरची खूण म्हणूनही लक्षात राहतं. पण त्याचा फोटो बिघडतोही लवकर. मागचं जंगल गडद असतं, कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर त्या अंधाराला भुलून उजेड वाढवतं, आणि खोड चुन्यासारखं सपाट पांढरं होऊन बसतं. माझ्या पहिल्या उन्हाळ्यातले सगळे कुलू असेच गेले. सालीचा एकही पापुद्रा दिसत नव्हता, आणि जो पांढरा भाग एकदा पूर्ण जळला तो नंतर संगणकावर परत आणता येत नाही. उपाय साधा आहे: एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटोतला उजेड कमी-जास्त करायची सोय) उणे दोन तृतीयांश ते उणे एकवर न्या आणि फोटो काढल्याबरोबर हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, पाहा. त्याची उजवीकडची, सगळ्यात उजळ भागाची, भिंत रिकामी हवी.

पळसाला हीच चूक वेगळ्या वाटेने होते. हिस्टोग्राम ठीक दिसतो, तरी फुलांच्या जागी केशरी डाग येतो, पाकळी वेगळी कळत नाही. कारण एकटा लाल रंग मर्यादेबाहेर गेलेला असतो आणि साधा पांढरा हिस्टोग्राम ते सांगत नाही. कॅमेऱ्यात लाल, हिरव्या, निळ्याचा वेगवेगळा हिस्टोग्राम दाखवायची सोय असते, पळसाच्या दिवसांत ती चालू ठेवा. मार्चमध्ये कुसुमाला येणाऱ्या लालभडक कोवळ्या पालवीलाही हेच लागू. आणि पळसाला थेट ऊन नकोच. सावलीत किंवा मागून आलेल्या उजेडात तो जास्त खरा दिसतो.

चांगला उजेड गेटवर घालवणं

नागपूरहून सिल्लारी गेट साधारण ७० किलोमीटर. पहाटे घरून निघून वेळेत पोचू, असा हिशेब बरेच जण करतात. हायवेवर सगळं सुरळीत होतं, मग गेटवर ओळखपत्रं, नोंदणी, गाईडची वाट. हे उरकेपर्यंत सूर्य झाडांच्या वर आलेला असतो. डिसेंबरात आपल्याकडे सूर्योदय पावणेसातच्या सुमारास होतो, मेच्या शेवटी साडेपाचलाच. उन्हाळ्यात आठनंतरचा उजेड जंगलाला सपाट करून टाकतो. त्यामुळे शक्य असेल तर आदल्या रात्री गेटजवळ मुक्काम करा आणि रांगेत पहिल्या काही गाड्यांत राहा. पहिली ४० मिनिटं मिळाली तर पुढचे तीन तास रिकामे गेले तरी चालतात.

दुसरी अडचण माणसांची आहे. जिप्सीत सहा जण, त्यातल्या पाच जणांना वाघ हवा. तुम्ही धुक्यातल्या बांबूसाठी थांबा म्हणाल, तेवढ्यात सांबराचा कॉल (वाघाची चाहूल लागल्याची हाक) येतो आणि गाडी पळते. यात कोणाचीच चूक नाही, त्यांनीही पैसे भरलेत. आपल्यासारखेच झाडं बघणारे चार मित्र जमवून गाडी घ्या. आणि निघण्याआधी, गेटच्या बाहेरच, ड्रायव्हरदादांशी दोन मिनिटं बोला: "दादा, आम्हाला वाघाची घाई नाही. पाणी आणि उजेड चांगला असेल तिथं थांबा, आणि थांबलं की इंजिन बंद करा." हे ऐकून त्यांचा चेहराच बदलतो, असं मी कितीदा पाहिलंय. रोज वाघामागे धावणाऱ्या या माणसांना कुठल्या वळणावर सकाळी किरणं कशी पडतात हे आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं, फक्त कोणी विचारत नाही.

मागच्या वर्षीचा फोटो त्याच जागी पुन्हा जमत नाही, अशीही तक्रार येते. महिना तपासा. आपल्या अक्षांशावर डिसेंबरात सूर्य पूर्वेपासून साधारण २५ अंश दक्षिणेकडे उगवतो आणि जूनमध्ये तेवढाच उत्तरेकडे. जानेवारीत ज्या वाटेवर किरणं समोरून येतात, तिथं मेमध्ये ती बाजूने येतील.

ट्रायपॉडच्या भरवशावर जाणं

सफारीत गाडीतून खाली उतरता येत नाही, ट्रायपॉड लावायला जागा नसते. एक जाड कापडी पिशवी घ्या, गेटजवळच्या गावात तांदूळ किंवा मूग भरा, जिप्सीच्या दांड्यावर ठेवा आणि त्यावर लेन्स टेकवा. तरीही फोटो हलला, तर इंजिन चालू होतं का आणि मागच्या सीटवर कोणी हालचाल केली का, हे आधी आठवा. क्षितिज तिरकं येण्याचं कारणही बहुतेक वेळा गाडीच असते. ती रस्त्याच्या उतारावर एका अंगाला कललेली असते आणि आपण दांड्याला समांतर कॅमेरा धरतो. कॅमेऱ्यातली लेव्हल चालू करा.

फोनवर फोटो काढायचा बेत असेल, तर आधी चौकशी करा. ताडोब्यात सफारीला मोबाइल आत नेता येत नाही. ड्रोनचा विचार तर कुठल्याच व्याघ्र प्रकल्पात परवानगीशिवाय करू नका.

मे महिन्यात लेन्सला दोष देणं

नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या, दिवसांत माझ्याकडे हमखास येणारा प्रश्न: "लेन्स सर्व्हिसिंगला टाकू का? तोतलाडोहचा पलीकडचा काठ शार्प येतच नाही." लेन्स बहुतेक वेळा ठणठणीत असते. जमीन तापली की तिच्यावरची हवा थरथरते, दूरच्या झाडांच्या कडा पाण्यात पाहिल्यासारख्या वाकतात. जितकी मोठी लेन्स आणि जितकं लांबचं दृश्य, तितकं हे जास्त दिसतं. तपासायची सोपी पद्धत आहे. त्याच लेन्सने १५ मीटरवरच्या ऐनाच्या सालीचा फोटो काढा. मगरीच्या पाठीसारख्या त्या सालीची प्रत्येक भेग स्वच्छ आली, तर दोष हवेचा. शटरचा वेग वाढवून, लेन्सचं छिद्र लहान करून, महागडं फिल्टर लावून हे जात नाही. दूरची दृश्यं सकाळी लवकर उरका आणि ऊन चढलं की जवळचं टिपा.

छिद्र लहान करण्यावरून आठवलं. सगळं शार्प यावं म्हणून एफ २२ वर जाणं ही जुनी सवय सोडा. इतक्या लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो आणि सगळाच फोटो थोडा मऊ होतो. एफ ८ ते एफ ११ पुरे.

पाण्यावर पोलरायझर आंधळेपणाने फिरवणं

पोलरायझर, म्हणजे चकाकी कमी करणारं फिरतं फिल्टर, मला आवडतो, पण तोतलाडोहवर वाइड लेन्सला लावून तो पूर्ण फिरवला की आकाशाच्या मध्ये गडद निळा पट्टा येतो आणि कडा फिकट राहतात. सूर्यापासून ९० अंशांवरच्या आकाशावर त्याचा परिणाम सगळ्यात जास्त होतो आणि वाइड लेन्स त्याच्या दोन्ही बाजूंचं आकाश एकदम घेते. अर्धाच फिरवा, किंवा आकाश कमी घ्या. त्याचं खरं काम पहिल्या पावसानंतर बफरमध्ये (कोअरभोवतीच्या जंगलात) दिसतं. ओल्या पानांवरची चकाकी तो काढतो आणि खालचा हिरवा रंग वर येतो. तो दीड-दोन स्टॉप उजेड खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) हे लक्षात ठेवून आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, वाढवा.

याचा सराव घराजवळ होतो. अंबाझरीच्या बांधावर संध्याकाळी उभं राहिलं की समोर पाणी आणि मावळता सूर्य. तिथं चार संध्याकाळी घालवा, मग जंगलात जा.

ऑटो व्हाइट बॅलन्स (रंगछटा आपोआप सुधारणारी सोय) मात्र पहाटे बंदच. पहाटेचा सोनेरी रंग त्याला चूक वाटते आणि तो ती दुरुस्त करतो. डेलाइटवर ठेवा, फोटो रॉ फाइलमध्ये काढा.

रात्री दिवसाच्या सवयी नेणं

महाराष्ट्रातल्या पेंचला जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी आसपासच्या गावांतले रस्त्यावरचे दिवे जमिनीकडे वळवले गेले. आपल्यापासून दीड-दोन तासांवर असं आकाश आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं. रात्री कोअरमध्ये (संरक्षित गाभ्यात) जाता येत नाही, त्यामुळे मुक्कामाच्या आवारातूनच फोटो काढायचा असतो.

इथं सगळ्यात जास्त फोटो फोकसने बिघडतात. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विश्वास ठेवू नका. मॅन्युअल फोकस करा, लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या स्क्रीनवर) एक ठळक तारा मोठा करून पाहा आणि तो लहानात लहान ठिपका होईपर्यंत रिंग फिरवा. मग रिंगवर चिकटपट्टी लावा, अंधारात हात लागतोच. तारे रेघांसारखे आले तर शटर जास्त वेळ उघडं राहिलंय. ५०० ला लेन्सच्या फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या हिशेबातल्या) लांबीने भागा, तेवढे सेकंद शटर उघडं ठेवता येतं: लहान सेन्सरवरची १८ मिलिमीटर म्हणजे साधारण २७, म्हणजे १८ सेकंदांच्या आत. आकाशगंगेचा दाट भाग मेच्या तिसऱ्या आठवड्यात मध्यरात्रीनंतर दोनच्या सुमारास दक्षिणेला सगळ्यात वर असतो, क्षितिजापासून साधारण ४० अंश. अमावस्येच्या आसपासचे दिवस धरा. आणि शेजारी कोणी फोटो काढत असेल तर मोठी टॉर्च लावू नका, लाल कागद गुंडाळलेली छोटी पुरते.

परत आल्यावर कॅमेरा कूलरच्या खोलीत ठेवणं

ही खास आपल्याकडची चूक. थकून घरी आलो की बॅग कूलरसमोर टाकून आपण झोपतो. बाहेर हवा कोरडी असली तरी कूलरच्या खोलीत दमटपणा भरपूर असतो आणि लेन्सच्या आत बुरशी धरायला तेवढा पुरतो. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे काचेत दिसले, तर पुसून जाणार नाहीत, दुरुस्तीलाच द्यावं लागतं. घट्ट झाकणाचा स्वयंपाकघरातला डबा आणि सिलिका जेलच्या चार पुड्या एवढ्यावर भागतं. पुड्यांचा रंग बदलला की पुन्हा गरम करून वाळवा. डब्यात टाकण्याआधी ब्लोअरने धूळ उडवा. जंगलातली धूळ कापडाने घासली तर काचेवर ओरखडे पडतात. जिप्सीत लेन्स बदलली असेल तर सेन्सरवरही धूळ असेल. एफ १६ वर कोऱ्या आकाशाचा एक फोटो काढून पाहा, डाग लगेच दिसतील.