१०८९ ची जादू: गणित पक्कं, तरी प्रयोग फसतो तो या चुकांमुळे

शाळेचं स्नेहसंमेलन असो की गणपतीत मंडळाने ठेवलेला करमणुकीचा कार्यक्रम, नवख्या जादूगाराने पहिल्यांदा १०८९ चाच प्रयोग करावा. सामान जवळजवळ लागत नाही, हातचलाखी तर मुळीच नको. प्रेक्षकाने तीन अंकी संख्या लिहायची, ती उलटी करायची, मोठीतून लहान वजा करायची. जी वजाबाकी येईल ती पुन्हा उलटी करून तिच्यातच मिळवायची. ७३२ घेतली तर उलटी २३७, वजाबाकी ४९५, तिची उलटी ५९४ आणि बेरीज १०८९. हा आकडा तुम्ही आधीच चिठ्ठीवर लिहून, पाकिटात घालून, पहिल्या रांगेतल्या कुणाच्या तरी खिशात ठेवलेला असतो.

यामागचं गणित दोन वाक्यांचं आहे. वजाबाकी नेहमी ९९ च्या पटीत येते, म्हणून तिचा मधला अंक ९ असतो आणि कडेच्या दोन अंकांची बेरीजही ९ होते. अशी संख्या आणि तिची उलटी मिळवली की १०८९ शिवाय दुसरं काही येऊच शकत नाही. तरीही हा प्रयोग भर कार्यक्रमात पडतो, कारण गणित तुम्ही करत नसता. ते करत असतो घाबरलेला, पेन शोधणारा, शेजाऱ्याला ‘आता काय करायचं?’ म्हणून विचारणारा प्रेक्षक.

‘कुठलीही संख्या घ्या’ म्हणू नका

असं म्हटलं की कुणीतरी हमखास ५५५ किंवा १२१ घेतो. उलटी तीच, वजाबाकी शून्य, खेळ खलास. ‘पहिल्या आणि शेवटच्या अंकात किमान दोनचा फरक हवा’ ही अट गणिताला धरून आहे, पण ती मंचावरून सांगितली की हुशार पोरांचे कान टवकारतात. ‘तिन्ही अंक वेगवेगळे घ्या’ एवढंच सांगितलं तर ४८३ सारखी संख्या येऊ शकते. ४८३ वजा ३८४ म्हणजे ९९. प्रेक्षक ९९ उलटे करतो, पुन्हा ९९ च येतात आणि तो १९८ घेऊन बसतो. खरं तर तिथे ०९९ मांडून ९९० मिळवायला हवेत, मग १०८९ बरोबर येतं. पण मोबाईलचा कॅल्क्युलेटर पुढचं शून्य दाखवत नाही आणि माणसालाही ते आपणहून सुचत नाही.

सुरुवातीला मी एकच वाक्य सुचवीन: ‘शून्य सोडून तीन वेगवेगळे अंक घ्या आणि मोठ्याकडून लहानाकडे लिहा, म्हणजे वजाबाकी सोपी जाईल.’ अंक वेगवेगळे आणि उतरत्या क्रमाने असले की पहिल्या-शेवटच्यात दोनचा फरक आपोआप पडतो. कुठल्यातून कुठली वजा करायची हा गोंधळही संपतो. शिवाय अट न वाटता ती प्रेक्षकाची सोय वाटते.

हातच्याची वजाबाकी

सगळ्यात जास्त प्रयोग इथे मरतात. ७३२ खाली २३७ मांडले की एककात दोनातून सात जात नाहीत. शाळा सुटून वीस वर्षं झालेला माणूस सरळ सातातून दोन काढतो आणि ५०५ लिहितो. त्याची उलटीही ५०५, बेरीज १०१०. शेवटी कुणी ८०८, १०१० किंवा १२१२ असं काही सांगितलं तर समजा की हातचा राहिला.

यावर उपाय म्हणजे एका माणसावर विसंबू नका. एकाने संख्या निवडायची, दुसऱ्याने वजाबाकी मांडायची, तिसऱ्याने मोबाईलवर ताडून पाहायची. तिघे गुंतले की सभागृहही गुंततं. फळा असेल तर तुम्ही पाठ करून उभे राहा आणि तुमच्या मदतनीसाला फक्त मधला अंक बघायला सांगा. तिथे ९ नसेल तर त्याने खोकायचं.

समजा, तरीही चुकीचं उत्तर आलं. ‘ताई, तुमची वजाबाकी चुकली’ असं माईकवर बोलणं म्हणजे भरल्या सभेत त्या बाईंची परीक्षा घेणं. त्या पुन्हा मंचाकडे फिरकणार नाहीत. त्यापेक्षा डोळे मिटून म्हणा, ‘ताई, वजाबाकीच्या मधोमध मला नऊ दिसतोय. आहे का बघा बरं.’ नसेल तर त्या स्वतःच पुन्हा मांडतात आणि सापडलेला नऊ तुमच्या खात्यात जमा होतो.

सूचना एका दमात देऊ नका. पेन थांबलं की पुढची पायरी सांगा. ‘उलटी म्हणजे कशी?’ असं कुणी विचारलंच तर फक्त ‘१२३ चे ३२१’ एवढं दाखवा. उत्साहाच्या भरात पूर्ण उदाहरण फळ्यावर सोडवून दाखवणारेही असतात. मग पाकिटात काय आहे ते सगळ्यांना आधीच कळतं.

वन्स मोअर

टाळ्या पडल्या की ‘परत करा’ येतंच. परत केलंत तर परत १०८९. वर्गात सगळ्या मुलांकडून एकदम करवून घेतलं तरी तेच, कारण पोरं शेजारच्या वहीत डोकावतात. दुसऱ्यांदा बेरजेपर्यंत जाऊच नका. वजाबाकीशी थांबवा आणि विचारा, ‘फक्त शेवटचा अंक सांगा.’ त्याने ५ म्हटलं तर नवातून पाच गेले चार, मधे नऊ: ४९५. तोच खेळ आहे, पण प्रेक्षकाला निराळा वाटतो.

काहीजण बदल म्हणून ६१७४ कडे वळतात. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांनी १९४९ मध्ये मांडलेला हा स्थिरांक आपल्या मातीतला म्हणून मोह होतोच. चार अंक, निदान दोन वेगळे. उतरत्या क्रमातून चढता क्रम वजा करत राहायचं की ६१७४ येतं. पण त्याला कधी कधी सात वजाबाक्या लागतात आणि मधे शून्याची तीच भानगड: २१११ पासून निघालात तर पहिल्याच फेरीत ०९९९ मांडावे लागतात. २२ डिसेंबरच्या गणित दिनाला वर्गात झकास, मंचावर मात्र कंटाळवाणं.

उत्तर उघडताना

पाकीट आधी उघडू नका. प्रेक्षकाला त्याचं उत्तर मोठ्याने, एकेक अंक करून वाचू द्या: एक, शून्य, आठ, नऊ. मग चिठ्ठी, तीही दुसऱ्याच कुणाच्या हातून.

कोरड्या साबणाच्या कोपऱ्याने हाताच्या आतल्या बाजूला १०८९ लिहून ठेवायचं आणि वेळ आली की त्यावर राख चोळायची, ही जुनी युक्ती अजून चालते. मात्र घाम आला की अक्षर फिसकटतं, म्हणून मुंबईतल्या मे महिन्यात तिच्या वाटेला जाऊ नका. राख घरून डबीत थंड करून आणा, मुलांसमोर कागद जाळत बसू नका. आणि राखेतून आकडा उमटला म्हणून ‘सिद्धी आहे’ वगैरे गंमतीतही बोलू नका. अशाच राखेवर भोंदू बाबांची दुकानं चालतात, आणि चमत्काराच्या नावाखाली लोकांना फसवून पैसे काढण्याविरुद्ध महाराष्ट्रात २०१३ पासून कायदा आहे.

माझी पसंती पुस्तकाला. १०८ वं पान, त्यावरचा नववा शब्द. तो तुम्ही आधीच पाठ केलेला. आदल्या दिवशी तेच पान उघडून बघा: चित्र तर नाही ना, वर धड्याचं नाव तर नाही ना. असेल तर नाव सोडून मोजायचं की धरून, हे प्रेक्षकाच्या हातात पुस्तक देतानाच सांगा. आणि प्रत तुमचीच वापरा. दुसऱ्या आवृत्तीत नववा शब्द ‘आणि’ निघू शकतो.