कंपनीतून आली तशीच स्पोर्ट्स कार घेऊन ऑटोक्रॉसला उतरायचं असेल तर

मोठा मोकळा पार्किंग लॉट नाहीतर जुनी धावपट्टी, त्यावर ऑरेंज कोन मांडून आखलेला वळणावळणाचा रस्ता, एका वेळी एकच गाडी आणि समोर घड्याळ, एवढंच ऑटोक्रॉस. काही देशांत याच नावाखाली मातीवर किंवा गवतावर गाड्या पळवतात, मी इथे डांबरी किंवा काँक्रीटच्या जागेवरच्या प्रकाराबद्दल लिहितोय. एक रन साधारण मिनिटभराचा असतो, वेग हायवेच्या वेगापुढे सहसा जात नाही, पण त्या एका मिनिटात गाडी जितकी वळते तितकी रोजच्या रस्त्यावर महिनाभरातही वळत नसेल.

सगळ्यात आधी सांगायचं ते हे की पहिल्या वर्षी गाडीला काहीही लावू नका. टायर, सस्पेन्शन, एक्झॉस्ट, काहीच नको. स्टॉक गाडी, म्हणजे कंपनीतून आली तशीच असलेली, मऊ असते, वळताना झुकते, टायर लवकर ओरडायला लागतो, म्हणजे चूक झाली की ती तुम्हाला आधी सांगते आणि मग घसरते. कडक केलेली गाडी हे न सांगताच सुटते. शिवाय स्टॉक गाड्यांसाठी वेगळा क्लास असतोच, त्यामुळे तुमची तुलना तुमच्यासारख्याच गाड्यांशी होते. अमेरिकेत एससीसीए (स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका) या संस्थेच्या सोलो नावाच्या ऑटोक्रॉस स्पर्धांमध्ये या गटाला आधी स्टॉक म्हणायचे, २०१४ पासून त्याचं नाव स्ट्रीट झालं. त्यात टायरचा ट्रेडवेअर आकडा, म्हणजे टायर किती हळू झिजतो ते सांगणारा त्याच्यावर छापलेला आकडा, किमान २०० लागतो, शॉक ॲब्सॉर्बर आणि ब्रेक पॅड बदललेले चालतात, अँटी रोल बार, म्हणजे वळणात गाडीचं झुकणं कमी करणारी दांडी, पुढचा किंवा मागचा यातला एकच बदलता येतो, पण स्प्रिंग कंपनीच्याच राहतात आणि रिमची रुंदीही तीच. हौसेने आधीच रुंद रिम टाकून बसलात तर गाडी थेट वरच्या क्लासमध्ये जाते आणि तिथे पूर्ण तयारीच्या गाड्यांशी गाठ पडते. म्हणून नाव नोंदवायच्या आधी तुम्ही जिथे उतरणार तिथलं रूलबुक एकदा शांतपणे वाचा.

गाडीची तपासणी म्हणजे टेक. यात अवघड काही नाही पण लोक इथेच अडकतात. डिकीतली स्टेपनी, जॅक, पाने, केबिनमधल्या बाटल्या, चार्जर, सगळं बाहेर. ड्रायव्हरच्या पायाखालची फ्लोअर मॅट काढायचीच, ती सरकून पेडलखाली गेली तर काय होईल हे सांगायला नको. बॅटरी हाताने हलवून बघा, हलली तर क्लॅम्प घट्ट करा. व्हील नट टॉर्क रेंचने मॅन्युअलमधल्या आकड्यावर आवळा, अंदाजाने पाय देऊन आवळू नका. ब्रेक पेडल दाबल्यावर कडक लागलं पाहिजे, ॲक्सिलरेटर सोडल्यावर पेडल लगेच वर आलं पाहिजे, खाली तेल किंवा कूलंट गळत नसावं. हेल्मेट आयोजकांना चालणाऱ्या सर्टिफिकेटचं हवं, पुष्कळ ठिकाणी आत स्नेल या हेल्मेट तपासणाऱ्या संस्थेचा एम (मोटरसायकलचा) किंवा एसए (कार रेसिंगचा) स्टिकर बघतात, आणि फार जुना असेल तर चालवून घेत नाहीत. पेट्रोल अर्ध्या टाकीच्या आसपास ठेवा. फुल टाकी म्हणजे उगाच वजन आणि पाव टाकीच्या खाली गेलात की लांब वळणात पेट्रोल एका बाजूला जाऊन काही गाड्यांचं इंजिन अडखळतं.

आता टायरमधली हवा. स्टॉक गाडीत हातात असलेली सगळ्यात मोठी ॲडजस्टमेंट हीच आणि ती फुकट आहे. दारावरच्या स्टिकरवर जो आकडा असतो त्याच्या दोन तीन पीएसआय वरून सुरुवात करा. मग साधा पांढरा खडू घ्या आणि टायरच्या कडेवर, म्हणजे ट्रेड (रस्त्याला टेकणारा नक्षीचा भाग) संपून साइडवॉल (टायरची बाजू) सुरू होते तिथे, तीन जागी आडवी रेघ ओढा. बऱ्याच टायरवर त्या जागी एक छोटा त्रिकोण कोरलेला असतो, नीट बघितलं तर सापडतो. रन मारून आलात की लगेच वाकून बघा, खडू कुठपर्यंत पुसलाय. त्रिकोणाच्याही खाली साइडवॉलवर गेला असेल तर टायर लोळतोय, दोन पीएसआय वाढवा. त्रिकोणाच्या बराच वरच थांबला असेल तर हवा जास्त आहे, थोडी सोडा. पुढचे टायर जास्त मार खातात म्हणून आधी पुढचे बघायचे. टायर गरम झाला की प्रेशर आपोआप चढतं, तेव्हा प्रत्येक रननंतर गेज लावून वहीत लिहा, सकाळी थंडीत जमलेला आकडा दुपारच्या उन्हात उपयोगाचा राहत नाही.

कोर्स वॉक, म्हणजे रनच्या आधी आखलेला रस्ता पायी चालून बघणं, तर अजिबात चुकवायचा नाही, आणि गप्पा मारत तर बिलकुल चालायचं नाही. किमान तीन फेऱ्या मारा. पहिल्या फेरीत फक्त रस्ता पाठ करायचा, कुठून कुठे जायचं. आडवा पाडलेला कोन म्हणजे बाण समजा, त्याचं टोक ज्या बाजूला दाखवतं त्या बाजूने गाडी न्यायची. दुसऱ्या फेरीत ब्रेक कुठे आणि गाडी कुठे वळवायची ते ठरवा, जमिनीवरची भेग, डांबराचा पट्टा, पाण्याची जाळी अशा खुणा लक्षात ठेवा कारण कोन सगळे एकसारखेच दिसतात. तिसऱ्या फेरीत मध्ये मध्ये खाली बसा, अगदी ड्रायव्हर सीटवर तुमचे डोळे जितक्या उंचीवर असतात तितकं खाली. उभं राहून स्वच्छ दिसणारा रस्ता खाली बसल्यावर कोनांची नुसती भिंत होऊन जातो आणि कुठे हरवणार आहात ते तिथेच कळतं. मी पहिल्या इव्हेंटला हे केलं नव्हतं, लांब डाव्या वळणानंतर एक गेट, म्हणजे ज्यांच्या मधून जायचं अशी कोनांची जोडी, होतं ते मला गाडीतून दिसलंच नाही, चुकीच्या बाजूने गेलो आणि तो रन डीएनएफ (डिड नॉट फिनिश, म्हणजे अपूर्ण) झाला. वेळ कितीही चांगली आलेली असो, गेट चुकलं की रन गेला. शेवटी गाडीत डोळे मिटून बसा आणि पूर्ण कोर्स मनात चालवा, जिथे चित्र तुटतं तिथे परत चालत जा.

बसायची पद्धत रोजच्यापेक्षा वेगळी. सीट पुढे घ्या, पाठ टेकलेली ठेवून मनगट स्टेअरिंगच्या वरच्या कडेवर आरामात टेकलं पाहिजे आणि क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. बेल्ट ढिला असेल तर वळणात अंग स्टेअरिंगला धरून सावरावं लागतं आणि मग हाताला टायर काय सांगतोय ते कळत नाही. एक जुनी युक्ती आहे, सीट थोडी मागे घ्या, बेल्ट लावून झटका देऊन लॉक करा आणि मग सीट पुढे सरकवा, अंग सीटला चिकटून बसतं.

सुटताना फार जोर करू नका. बहुतेक ठिकाणी टायमिंगचा बीम, म्हणजे गाडीने तोडला की घड्याळ सुरू करणारा किरण, स्टार्टच्या काही मीटर पुढे असतो, त्यामुळे क्लच जाळून फार काही मिळत नाही. पहिल्यातून दुसरा गिअर टाका आणि बहुतेक कोर्स दुसऱ्यातच काढा. एखाद्या सरळ पट्ट्यात गाडी क्षणभर लिमिटरला, म्हणजे इंजिनच्या फेऱ्यांच्या मर्यादेला, लागली तरी तिसरा टाकायच्या भानगडीत पडू नका, टाकून परत काढेपर्यंत जास्त वेळ जातो. ट्रॅक्शन कंट्रोल बंद ठेवा कारण वळणातून बाहेर पडताना तो पॉवर कापतो, पण स्टॅबिलिटी कंट्रोलचा स्पोर्ट मोड असेल तर पहिल्या दिवशी तो असू द्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. नवीन माणूस जवळपास प्रत्येक वळणात जास्त वेगाने घुसतो आणि त्याला वाटतं आपण फास्ट आहोत. याचा हिशोब करून बघा. चांगल्या स्ट्रीट टायरवर साधारण एक जी (गुरुत्वाकर्षणाइतकी) एवढी ग्रिप धरली तर १५ मीटर त्रिज्येच्या वळणात गाडी ताशी सुमारे ४४ किमीने जाऊ शकते. तुम्ही फक्त १० टक्के जास्त, म्हणजे ४८ ने घुसलात तर तेवढ्याच ग्रिपला १८ मीटर त्रिज्या लागते, म्हणजे वेग १० टक्के वाढला की वर्तुळ २१ टक्के मोठं होतं. म्हणजे गाडी बाहेर फेकली जाणार, लांबचा रस्ता धरणार, आणि पुढच्या सरळ पट्ट्यावर ॲक्सिलरेटर दाबायला उशीर होणार. चार किलोमीटरच्या हावेपायी पुढचा अख्खा पट्टा जातो. म्हणून ब्रेक थोडा आधी, सरळ रेषेत आणि जोरात दाबा, एबीएस थरथरला तरी चालेल, आणि मग वळायला लागताना पाय एकदम न उचलता हळूहळू सोडा.

गाडीचं तोंड वळत नाही, पुढे पुढेच सरकतेय असं वाटलं की हात आपोआप स्टेअरिंग आणखी फिरवतात, आणि नेमकं तेच करायचं नसतं. पुढचा टायर आधीच घसरतोय, आणखी वळवून तो फक्त आणखी घासला जातो. स्टेअरिंग किंचित सरळ करा, ॲक्सिलरेटर थोडा कमी करा आणि अर्धा क्षण थांबा, टायर परत पकडतो आणि तुम्हाला ते हातात जाणवतं. पण पाय झटकन पूर्ण काढू नका. वजन एकदम पुढे जातं, मागचे टायर हलके होतात आणि मागच्या चाकांना पॉवर असलेली छोटी स्पोर्ट्स कार असेल तर मागची बाजू पुढे यायला बघते. फिरलीच गाडी तर दोन्ही पाय खाली, क्लच आणि ब्रेक पूर्ण दाबून थांबा, वाचवायच्या नादात कोर्सवर्करच्या, म्हणजे पडलेले कोन उभे करायला कोर्सवर थांबलेल्या माणसांच्या, दिशेने जाऊ नका.

स्लॅलम म्हणजे एका रांगेतले कोन डावीकडून उजवीकडून काढत जाणं. इथे सेकंद जातात आणि सेकंद मिळतातही. गुपित असं की कोनच्या शेजारून जाताना गाडी पुढच्या कोनच्या दिशेने आधीच वळायला लागलेली असायला हवी. कोन ओलांडून मग स्टेअरिंग फिरवलं तर पहिल्या कोनला थोडा उशीर, दुसऱ्याला जास्त, आणि चौथ्या पाचव्याला रस्ताच उरत नाही, कोन उडतो नाहीतर ब्रेक मारावा लागतो. म्हणून पहिल्या कोनला वाटतं त्यापेक्षा हळू शिरा, लवकर वळा, आणि मग प्रत्येक कोनला थोडा थोडा पाय वाढवत बाहेर पडा. हात शांत ठेवा. स्टॉक गाडीला एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर झुकायला वेळ लागतो, तो तिला द्या, झटके दिले तर वजन लंबकासारखं डोलत राहतं.

आणि नजर. ताशी ६० ला गाडी सेकंदाला १६ मीटरच्या वर जाते, म्हणजे ज्या कोनकडे तुम्ही बघताय तो आत्ता होऊन गेलेलाच आहे. त्याला सोडा, दोन कोन पुढे बघा, लांब वळणात तर बाजूच्या खिडकीतून बघावं लागतं. सुरुवातीला मान वळवायला विसरायला होतं, शेजारी बसलेल्या अनुभवी माणसाला सांगून ठेवा की नुसतं पुढे बघ पुढे बघ ओरडत राहा. असा माणूस शेजारी बसायला मिळणं आणि त्याच्या गाडीत आपल्याला बसायला मिळणं, दोन्ही आयोजकांना विचारून मिळवाच, एका फेरीत जे कळतं ते व्हिडिओ बघून महिने लागतील.

कोन पडला की एससीसीएच्या नियमात प्रत्येकी २ सेकंदांचा दंड. कोनभोवती खडूने चौकोन आखलेला असतो, कोन उभा असेल आणि रेघेला थोडा जरी टेकलेला असेल तर दंड नाही, पूर्ण बाहेर गेला किंवा आडवा झाला तर दंड. पहिला रन म्हणून स्वच्छ काढा, एक वेळ बोर्डावर लागू द्या, मग दुसऱ्यापासून एकेक जागा निवडून तिथेच घट्ट जा. सगळीकडे एकदम जोर लावला तर काय चाललं आणि काय फसलं ते कळतच नाही. आणि समोर आधीच्या गाडीने पाडलेला कोन रस्त्यात दिसला तर त्याच्या आधी थांबा, हाताने दाखवा, रीरन, म्हणजे तो रन परत मारायची संधी, मिळतो. त्याच्यावरून पुढे निघून गेलात तर मग मागता येत नाही.

ज्या वेळी गाडी चालवत नसता त्या वेळी कोर्सवर काम करायचं असतं, ते टाळू नका. तोंड कायम गाडीकडे, फोन खिशात, लाल झेंडा हातात. गाडी निघून गेली की पळत जाऊन कोन उभा करा आणि रेडिओवर गाडीचा नंबर आणि किती कोन ते सांगा. उभं राहून फास्ट लोक कुठे ब्रेक सोडतात ते ऐकू येतं, अक्षरशः ऐकू येतं, त्यांचा टायर हळू आणि सारखा कण्हतो, नवीन माणसाचा किंचाळतो.

दोन रनमध्ये बॉनेट उघडं ठेवा, हवा बघा, वेळ वहीत लिहा आणि शेजारी एकच वाक्य, पुढच्या रनला काय वेगळं करणार. सगळं संपलं की सामान परत भरायच्या आधी टायर चारी बाजूंनी हात फिरवून बघा, बाहेरची कड उडालेली असू शकते, व्हील नट परत एकदा टॉर्क रेंचने तपासा, आणि टायर थंड झाले की हवा परत दारावरच्या आकड्यावर आणून मगच घराकडे निघा.